पुढच्या कडीला लागून

बसस्टॉपवरचा गाडीवाला द्राक्षं वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देतो आणि घरी येईपर्यंत तो कागद खालून ओला होतो. परवा असाच एक पुडा ओट्यावर सोडवला, तर आतून खेळाचं पान निघालं. भारताचा युवा बास्केटबॉल संघ परदेशातल्या कुठल्याशा स्पर्धेत तळाला राहिला होता. बातमी चार ओळींची आणि खाली कोणा जाणकाराची कारणमीमांसा मात्र चांगली लांबलचक. उंची कमी, आहार निकृष्ट, आणि मोक्याच्या क्षणी खेळाडू दडपणाखाली आले. मी उभ्या उभ्या सगळं वाचलं. बायकोनं विचारलं, "काय झालं हो, चेहरा का असा?" म्हटलं, "काही नाही, फर्स्ट शिफ्ट होती ना, दमलोय."

दमलो होतो हे खरंच, पण त्यात शिफ्टचा दोष नव्हता. हरलेल्या पोरांचं मूल्यमापन वाचलं की मला आताशा असा थकवा येतो. एका हंगामात मी ते इतकं ऐकलं आहे की आता नवं काही ऐकायचं राहिलेलं नाही. लोकांना हरण्याचं कारण लागतं, आणि कारण म्हणजे शेवटी एखादा माणूसच लागतो. एकदा तो सापडला की सगळे घरी जाऊन निवांत जेवतात.

पंधराएक वर्षं झाली असतील. आम्ही तेव्हा नाशिकला सातपूरच्या कॉलनीत राहायचो. आता इंदिरानगरला घर बांधलंय, इथं अजून निम्मे प्लॉट मोकळे आहेत, संध्याकाळी वारा सुटला की दारात माती येते. त्या मातीचा वास आला की मला कॉलनीमागचं ग्राउंड आठवतं. मुरमाचं. दुपारी तापलेल्या मुरमावर संध्याकाळी पाणी मारलं की एक गरम वाफ पायांवर यायची. पलीकडे रस्ता ओलांडला की द्राक्षबागा होत्या, फवारणीच्या दिवसांत गंधकाचा उग्र वास थेट कोर्टावर यायचा, आणि बॉल हातात घेतला तरी बोटांना तोच वास येतोय असं वाटायचं. थंडी सरत आलेली असायची, पण पुरती गेलेली नसायची. सकाळी सहाच्या शिफ्टला जाताना कानटोपी, आणि दुपारी सुटून येताना स्वेटर हातात.

ग्राउंड देवरे सरांचं. म्हणजे नावावर त्यांच्या नव्हतं, पण बाकी सगळं त्यांचं. सर मूळचे सटाण्याकडचे, शाळेत पीटी शिकवायचे, आणि शाळा सुटली की उरलेला सगळा जीव या कोर्टात ओतायचे. खांब त्यांनी स्वतः उभे केलेले, माप घेऊन, ओळंबा लावून. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना जमवून रिंगची उंची मोजून दाखवली होती म्हणे. दर रविवारी सुतळी धरून फक्कीच्या रेघा नव्यानं मारायच्या, एक रेघ बोटभर जरी सरकली तरी पुसायला लावायचे. आणि दर वर्षी पावसाळा संपला, दिवाळीची सुट्टी लागली, की मुरूम. ट्रॅक्टर कोर्टाच्या कडेला ढीग टाकून जायचा आणि आम्ही सगळे घमेली घेऊन तो पसरवायचो. त्यावर पाणी, मग रोलर. रोलर ओढताना सर पुढच्या दांडीला असायचे. "घरचं अंगण सारवतो ना, तसंच हे," असं म्हणायचे. आमच्यातल्या कित्येकांची दिवाळी मुरमातच गेली, आणि कुणाची तक्रार नव्हती.

त्या कोर्टावर आम्हाला हरवणं अवघड होतं. पुण्यामुंबईचे नावाजलेले क्लब यायचे, पण इथं आले की त्यांचे बॉल रिंगच्या मागच्या कडीवर आदळून लांब उडायचे. आम्ही टाळ्या पिटायचो. आमची पोरं उडी मारून रिंगला हात लावायची, पाहुण्यांच्या देखत मुद्दाम. आणि आम्ही बाहेर खेळायला गेलो की उलटं. आमचे बॉल पुढच्या कडीला लागून खाली. रिंगला हातही पोचायचा नाही. रात्रभराच्या एसटीच्या प्रवासानं पाय जड झाले, असं आम्ही म्हणायचो. आणि सर म्हणायचे, "आपली पोरं घरात वाघ, बाहेर गेली का बुजतात. हे बुजणं घालवायला हवं." कंपनीत टाइम ऑफिसात बसून दिवसभर इतरांच्या येण्याजाण्याच्या वेळा तपासणारा मी, मलाही ते पटलेलं होतं.

अशोक माझा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळे भाऊ कमी आणि मुलगाच जास्त. चालता यायला लागल्यापासून तो त्या कोर्टावर होता. ताडमाड वाढला. आई म्हणायची, "याच्या पँटी शिवता शिवता माझे डोळे जातील." बारावीच्या वर्षी तो देशाच्या युवा संघात निवडला गेला तेव्हा कॉलनीत कुणाच्या तरी घरी लग्न असावं तसं वातावरण होतं. आईनं बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि त्याला वाकून नमस्कार करायला लावला. नंतर त्यानं सरांच्या पायाला हात लावला. सर एवढंच म्हणाले, "हात वर राहू दे. बॉल सोडल्यावर पण वर राहू दे."

सत्काराची तयारी तो जायच्या आधीच सुरू झाली. आपल्याकडे हे असंच असतं. शाल आली, मांडववाल्याला सांगून ठेवलं गेलं, आणि जिल्ह्याच्या निवड समितीतले भाऊसाहेब अध्यक्ष म्हणून ठरले. संघ जिंकेल की हरेल, याचा विचार कुणाच्या डोक्यातच नव्हता.

संघ सगळ्यांत शेवटी राहिला. बरेच सामने मोठ्या फरकानं गेले, त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. पण शेवटचा सामना अटीतटीचा झाला. तो जिंकला असता तर निदान शेवटचा नंबर टळला असता. अगदी संपत आला असताना आपण एका गुणानं मागे होतो, अशोकवर फाउल झाला आणि त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. एक टाकला तर बरोबरी, दोन्ही टाकले तर विजय. दोन्ही बॉल पुढच्या कडीला लागून खाली पडले. संघाबरोबर गेलेल्या कुणीतरी परत येऊन सांगितलं की नाशिकच्या पोरानं ऐन वेळी कच खाल्ली. हे वाक्य त्याच्या आधी सातपूरला पोचलं.

सत्कार मात्र झालाच. शाल आणलेली होती, मांडव घातलेला होता, आता रद्द कसा करणार? अशोक खुर्चीत अंग चोरून बसला होता. भाऊसाहेब बोलायला उभे राहिले. "हारजीत तर चालायचीच," ते म्हणाले, "पण..." त्या 'पण'नंतर ते बराच वेळ बोलले. मनाचा कणखरपणा, देशाची इभ्रत, नाशिकची मान. मी समोर बसून अशोकच्या खांद्यावरून घसरत चाललेली शाल बघत होतो. तो ती सावरत नव्हता.

त्यानंतर त्यानं ग्राउंडवर येणं बंद केलं. परीक्षा आहे म्हणायचा. पुस्तक उघडं ठेवून आईपाशी बसायचा आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडायचा. एवढा उंच पोरगा, पाटावर गुडघे पोटाशी घेऊन, सुपातले खडे वेचतोय. आई त्याला उठ म्हणायची नाही. मला तेव्हा दोघांचाही राग यायचा.

इकडे ग्राउंडवर रोज संध्याकाळी मूल्यमापन. खेळ झाला की सगळे रोलरवर आणि त्याच्या आजूबाजूला टेकायचे, कुणीतरी कागदावर द्राक्षं ठेवायचं, आणि सुरू. आमच्यातला निकम लेथवर काम करायचा आणि सेंटरला खेळायचा, त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. "मी सांगतो ना, कॅम्पमध्ये पोरांना खायला नीट देत नाहीत. डाळीवर कुठं रिबाउंड होतो का?" कुणी म्हणे पंच फितूर होते. कुणी म्हणे तिकडचं लाकडी फ्लोअर, आपल्या पोरांचे पाय सटकले असतील. पण सगळी चर्चा फिरून फिरून त्या दोन फ्री थ्रोंवर यायची, आणि मग निकम द्राक्षाची बी थुंकून म्हणायचा, "काहीही म्हणा, घाबरलं पोरगं." मी तिथंच असायचो. माझ्याकडे बघून मग तो म्हणायचा, "वाईट वाटून घेऊ नको रे. आपलीच पोरं ती. बुजतात." सर बॉलवरची धूळ हातानं पुसत राहत.

घाबरट हा शब्द लवकर मुरतो. किराणावाल्याच्या तोंडी आला, बसमधल्या कंडक्टरच्या तोंडी आला. एकदा कॅन्टीनमध्ये कुणीतरी मला विचारलं, "तुमच्यात सगळेच असे का?" त्या प्रश्नात काय काय होतं ते विचारणाऱ्यालाही कळत होतं आणि मलाही. मी चहा अर्धा टाकून उठलो. घरी येऊन अशोकला काही सांगितलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की त्यानं हे माझ्याही आधी कुठंतरी ऐकलेलं आहे.

मग होळीच्या आधी पुण्याहून एक पंच आले. आमच्या ग्राउंडवर राज्याची स्पर्धा भरवायचं घाटत होतं, त्याआधी कोर्ट तपासायचं होतं. गृहस्थ शांत होते, सरांबद्दल आदर असलेले. रेघा मोजल्या, सगळ्या चोख. मग त्यांनी काठीला टेप बांधून रिंगची उंची घेतली. पुन्हा घेतली. दुसऱ्या बाजूला जाऊन तिथलीही घेतली. परत आले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "सर, रिंग खाली आहे. चांगली चार-पाच बोटं."

"असं कसं होईल?" सर म्हणाले. "मी स्वतः लावलीय. खांब खचला असं म्हणताय का?"

खांब तसूभरही खचला नव्हता. सरांनीच कुदळ मागवली आणि खांबाच्या बुडाशी स्वतः खणायला सुरुवात केली. वरचा थर तांबडा निघाला. त्याखाली पिवळसर. त्याखाली करडा, बारीक खड्यांचा. सर खणता खणता थांबले आणि करड्या थरावर हात ठेवून म्हणाले, "हा त्या वर्षीचा. तवा पाऊस लय झाला व्हता, खाण बंद व्हती, दुसरीकडून आणला." मूळचं बोलणं त्यांच्या तोंडी सहसा यायचं नाही, त्या दिवशी आलं. सगळ्यांत खाली सिमेंटचा चौथरा लागला. मूळची जमीन तिथं होती. रिंग जिथल्या तिथं होती आणि दर दिवाळीला आम्ही घमेल्या घमेल्यानं जमीनच वर चढवत नेली होती. आडव्या रेघा दर रविवारी मोजणाऱ्या सरांनी, आणि आम्हीही, इतक्या वर्षांत वरच्या बाजूला माप कधी लावलंच नव्हतं.

सर खड्ड्याशेजारी बसून राहिले. पंच गेले, पोरं गेली, तरी ते उठेनात. मी त्यांना घरी सोडायला गेलो तेव्हा वाटेत ते एकच वाक्य बोलले, "बुजत नव्हती रे पोरं."

पुढच्या दोन दिवसांत सगळं मूल्यमापन पालटलं. पाहुण्यांचे बॉल मागच्या कडीवर का आदळायचे, आमचे बाहेर पुढच्या कडीला का लागायचे, एकेक जुना सामना उकरून निघाला. इतकी वर्षं जे पोरांचं बुजणं होतं ते आता सरांचं पाप झालं. "म्हाताऱ्यानं दोन पिढ्यांचं वाटोळं केलं," निकम म्हणाला. त्याच निकमनं दर दिवाळीला सगळ्यांत जास्त घमेली वाहिली होती. आणि अशोक? अशोक एकदम बिचारा झाला. किराणावाला त्याची विचारपूस करायला लागला. मी खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं. माझ्या भावाच्या कपाळावरचा डाग निघणार होता आणि तो कुणाच्या कपाळावर जातो ते बघायची मला गरज वाटत नव्हती.

भाऊसाहेब घरी आले. कधी नव्हे ते. आईनं चहा केला. त्यांचं आणि सरांचं जुनं वाकडं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर कुणाच्या पुतण्याला संघात घेत नसत, हे त्यातलं मुख्य कारण. ते अशोकला म्हणाले, "बाळ, पुढचा कॅम्प लागतोय. ऐन वेळी डगमगणाऱ्याचं नाव आम्ही पुढे पाठवू शकत नाही, तुला समजतं ना? पण दोष ग्राउंडचा असेल तर गोष्ट वेगळी. रविवारी कोर्टावर सगळे जमणार आहेत. तू फक्त उभं राहून सांग की लहानपणापासून खालच्या रिंगवर हात बसला, म्हणून ते दोन थ्रो चुकले. बास. तुझं नाव जाईल. आणि देवरे सरांनाही आता विश्रांती हवीच आहे."

ते गेल्यावर मी अशोकला म्हटलं, "तुला खरंच सांगायचंय फक्त. यात कुणाचं वाईट करतोयस असं नाही."

तो म्हणाला, "बघू, दादा."

"बघू काय? परत इंडिया खेळायचंय की नाही?"

"खेळायचंय," तो म्हणाला. इतक्या हळू की आईनंही मान वर करून बघितलं. त्या क्षणी मला कळलं की हा पोरगा तांदूळ निवडताना रात्रंदिवस याच एका गोष्टीचा विचार करत होता. त्याला खेळायचं होतं. दुसरं काहीच नको होतं.

अशोक आता अंबडला एका कारखान्यात स्टोअरमध्ये आहे. पोट सुटलंय. मुलीला सायकलवर शाळेत सोडतो. ग्राउंडवरून जाताना थांबत नाही आणि तोंडही फिरवत नाही, जसा कुठल्याही रस्त्यावरून जातो तसाच तिथून जातो. तिथं आता काँक्रीट झालंय, रिंग बरोबर उंचीवर आहे, आणि पोरं बाहेर जाऊनही जिंकून येतात. हे लिहितानाही मला कंटाळा आलाय. पण तो रविवार लिहिल्याशिवाय हा हंगाम माझ्या अंगावरून उतरत नाही.

खूप लोक आले होते. कधी बॉलला हात न लावलेलेही. सर एका बाजूला खुर्चीवर बसले होते, धुतलेला पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी नाही. शिट्टीशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो. खांबाच्या बुडाशी तो खड्डा तसाच होता, थर उघडे पडलेले. भाऊसाहेब प्रास्ताविक करून म्हणाले, "आता अशोकच आपल्याला सांगेल, नेमकं काय झालं."

अशोक उभा राहिला. हात मागे बांधले. "कॅम्पमध्ये पहिल्याच दिवशी मला कळलं होतं की आपली रिंग खाली आहे," तो म्हणाला. "तिथं सगळ्या रिंगा बरोबर उंचीच्या होत्या. मी रोज त्यावरच टाकत होतो. हात बसला होता. त्या दिवशीही आधीचे थ्रो आत गेले होते माझे. रिंगचा काही संबंध नाही. सरांचाही नाही. मी घाबरलो."

कुणीतरी मागून हसलं. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "नीट विचार करून बोल, बाळ."

"विचार करूनच बोलतोय. मी घाबरलो, म्हणून हरलो," तो म्हणाला आणि बसला.

सरांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. मला अशोकच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, खरंच सांगतो. नाव हुकलं, कॅम्प गेला, आणि तो शब्द त्यानं स्वतःच्या हातानं सगळ्यांसमोर कपाळावर लावून घेतला. लोक उठून निघून गेले. त्यांना कारण मिळालं होतं. सरांना कुणी काही बोललं नाही, पुढच्या आठवड्यापासून त्यांनी मुरूम उपसून काढायला घेतला तेव्हा निकमही घमेलं घेऊन हजर होता.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. मी ठरवलं होतं की त्याच्याशी बोलायचंच नाही, पण राहवलं नाही. "मला तरी खरं सांग," म्हटलं. "तिथं तू घाबरला होतास?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"तिथं नाही घाबरलो, दादा," तो म्हणाला. "हात जड झाले होते, आणि दमलं की हात आपल्या जुन्या घरीच जातात, खालच्या रिंगकडे. तिथं मला काहीच वाटलं नव्हतं. घाबरलो ते आज, सगळ्यांसमोर उभा राहिलो तेव्हा."

आईनं त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली. तो खाली मान घालून जेवायला लागला, आणि मग मीही जेवलो.